भिवा पाथरवट आणि चौकच्या पुतळ्याचा हात

भिवा,

काल तुझा दहावा झाला आणि कावळा शिवला नाही.

उल्हास नदीच्या काठी आम्ही सगळे तासभर ऊन खात उभे होतो. कावळे नव्हते असं नाही. उंबराच्या फांदीवर आठ-नऊ जण ओळीने बसले होते, सभेला आल्यासारखे. पिंडाकडे मात्र एकही उतरेना. मग नेहमीचं सुरू झालं. तुझा पुतण्या नामा हात जोडून म्हणाला, "काका, काकीला मी सांबाळीन, तू काय काळजी करू नको." कावळे हलले नाहीत. "तुजी हत्यारं कुनाला इकनार नाय." तेही त्यांना पटलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने पुढे होऊन पिंडाजवळ एक विडी ठेवली. कावळ्यांनी मान वाकडी करून विडीही पाहिली. भटजींना दुपारी खालापुरात दुसरं काम होतं. त्यांनी अखेर दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला आणि तू सुटलास असं जाहीर करून टाकलं.

आता अवघ्या भिसेगावाला प्रश्न पडलाय, की भिवा पाथरवटाची अशी कुठली इच्छा राहिली. कुणी म्हणतं मूलबाळ नव्हतं म्हणून. कुणी म्हणतं सरकारने नाव काढलं नाही म्हणून.

मला प्रश्न पडलेला नाही. काय राहिलं ते मला माहीत आहे. तासभर मी पिंडापासून दहा हातांवर उभा होतो आणि तोंड उघडलं नाही, जसं आठ वर्षं उघडलं नव्हतं. म्हणून आज लिहितो आहे. तुला वाचता येत नव्हतं. म्हणजे आजही मी माझी सोय पाहूनच वागतो आहे.

आपली गाठ पडली ती कर्जतच्या मालधक्क्यावर. मी तिथला कारकून. मुंबईहून पुण्याला कुणा साहेबाच्या थडग्यासाठी संगमरवराचा एक ठोकळा निघाला होता. वाटेत त्याचा कोपरा उडाला. घेणाऱ्याने तो नाकारला, पाठवणाऱ्याने परत मागितला नाही आणि गवताच्या गाठी नि भाताची पोती यांच्या शेजारी तो माझ्या गोदामामागे पडून राहिला. त्याच्यावरून दोन पावसाळे गेले. तू तेव्हा पुलाच्या दुरुस्तीसाठी काळा दगड घडवत होतास. दुपारची भाकर झाली की यायचास, लहान हातोडीने ठोकळ्यावर एकदा टक् करायचास, कान लावायचास आणि निघून जायचास. पंधरा दिवस मी ते पाहिलं. मग विचारलं, काय ऐकतोस?

"भरीव हाय का पोकळ ते."

"मग?"

"भरीव हाय. कोपऱ्यापासनं ईतभर चीर गेलीया. म्होरं नाय."

"म्हणजे चांगला आहे?"

"चांगला हाय म्हनून तर रोज येतोय, मास्तर. वंगाळ असता तर येकदाच आलो असतो."

मी मास्तर नव्हतो. स्टेशनमास्तर तर नव्हतोच. ते गृहस्थ माझ्याशी फक्त चुका दाखवायला बोलत. पण स्टेशनच्या छपराखाली जो बसतो तो मास्तर, असा तुझा हिशेब होता आणि तो तू कधी सुधारला नाहीस. तू मला अहो-जाहो केलंस, मी तुला अरे-तुरे. वयाने तू दोन वर्षांनी मोठा. हे चूक आहे असं मला बऱ्याचदा वाटलं. पण वाटणं आणि करणं यांच्यामध्ये मी नेहमीच एक खुर्ची टाकून बसत आलो.

ठोकळ्याच्या कागदावर मी 'निरुपयोगी' असा शेरा मारून घेतला आणि तू तो बैलगाडीवरून भिसेगावात नेलास. चार महिन्यांनी मी पाहायला आलो. अंगणात तुझी आई बसली होती. ती वारून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. एक गुडघा वर, मांडीवर सूप, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला, आणि नजर सुपातल्या खड्यावर. मी मुंबईत साहेबांचे पुतळे पाहिले होते. त्यांच्या बटणांना धार असते, नजर मात्र आपल्या डोक्यावरून कुठल्या तरी कचेरीकडे गेलेली असते. ही बाई माझ्याकडे पाहत नव्हती, कारण तिला काम होतं. मी भोवती फिरून मागे गेलो, तर पाठ नव्हतीच. तिथे नुसता खडबडीत दगड, गाडीतून आला तसा.

"पाठ राहिली," मी म्हणालो.

"ऱ्हायली नाय. मी जेवायला तिच्या म्होरं बसायचो. पाठ कवा नीट बघितली नाय."

"म्हणून करायची नाही?"

"न बघितलेलं कसं करनार? खोटं हुईल."

तुझं सगळं शास्त्र एवढंच होतं. ते समजायला मला, म्हणजे पेटीभर पुस्तकं वाचलेल्या माणसाला, पंचवीस वर्षं लागली. समजलं तेव्हा उपयोग नव्हता.

मी तुला ज्ञान देण्याचे पुष्कळ प्रयत्न केले. एकदा सांगितलं, मोठे लोक म्हणतात मूर्ती दगडात असतेच, नको तेवढा दगड काढला की झालं. तू बराच वेळ हसलास. "आत काय नाय, मास्तर. आत निस्ता दगूड हाय. मी लई फोडलेत." मग थांबून म्हणालास, "त्या मोठ्या लोकांना सांगा, येकदा घाटात या, आमी दाखवू."

मातीवरून आपलं भांडण तर कायमचं. मुंबईच्या चित्रशाळेत आधी मातीचा नमुना करतात, मग मापं घेऊन तोच दगडात उतरवतात, हे मी तुला नाना तऱ्हांनी समजावलं. तू थेट दगडाला भिडायचास. ओल्या फडक्याने पुसून शिरा कुठून कुठे जातात ते बघायचास, पुढच्या बाजूने टाकी लावायचास आणि पाण्यातून माणूस वर यावा तशी मूर्ती हळूहळू पुढे यायची. आधी नाक, मग कपाळ, मग गुडघे. मी म्हणायचो, एक घाव चुकला तर सहा महिने गेले. तू म्हणायचास, व्हय. मी म्हणायचो, मातीत चुकलं तर पुन्हा लिंपता येतं. तू म्हणायचास, "म्हनून तर. माती माफ करती. मग मानूस बघत नाय नीट."

माझ्या हट्टाखातर तू एकदा मातीचा नमुना केलासही. शेजारणीच्या म्हशीने त्याला अंग घासलं. वहिनी पदर तोंडावर धरून आत पळाल्या आणि तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "बगा. आता हिला कसं समजवायचं?"

एका रविवारी तू मला कर्जतजवळच्या कोंढाण्याच्या लेण्यात घेऊन गेलास. अर्धी वाट मी दमलो म्हणून बसत होतो आणि अर्धी वाट तू मला ऐकवत होतास. वर गेल्यावर तू त्या प्रचंड कमानीखाली उभा राहिलास, एका खांबावरच्या जुन्या टाकीच्या खुणांवरून बोट फिरवलंस आणि विचारलंस, "मास्तर, ह्यांनी आदी आख्ख्या डोंगराची माती केलती का?" त्यानंतर मी मातीचं नाव काढलं नाही.

पण नाव काढायला हवं होतं ते दुसऱ्याच एका गोष्टीचं, आणि तिथे मी आता येतो.

खालापूरच्या रावबहादुरांना आपल्या वडिलांचा पुतळा उभारायचा होता. चौक गावी पुणे रस्त्यावर त्यांनी धर्मशाळा बांधली होती. तिच्या ओसरीवर वडील बसणार होते, येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावं म्हणून. हे वडील म्हणजे गणोबा. घाटात लोहमार्ग पडत होता तेव्हा ते दगडफोड्यांच्या टोळीचे मुकादम होते आणि तू त्यांच्या टोळीत होतास. सुरुंगाच्या दारूने त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. त्यानंतर तो हात त्यांनी कुणाला दाखवला नाही. उन्हाळा असो की काही असो, खांद्यावर घोंगडी, आणि घोंगडीखाली तो हात मांडीवर. ही गोष्ट तुझीच, मी तुझ्याकडूनच ऐकलेली. मुलगा पुढे ठेकेदार झाला, मग रावबहादूर झाला, आणि रावबहादुरांच्या वडिलांना घोंगडी कशी चालेल? ती शालजोडी झाली. डोक्यावर पगडी आली. आणि हातात पोथी.

हे काम तुला मी मिळवून दिलं. मी खालापूरला चार खेपा घातल्या, तुझ्या आईची मूर्ती दाखवायला रावबहादुरांना भिसेगावात आणलं. त्यांनी मूर्तीभोवती फेरी मारली आणि "म्हातारी कामसू दिसते" असं म्हणाले. विलायती दगड आला. तू पगडीला हो म्हणालास, कारण म्हातारा लग्नात पगडी घालायचा ते तू पाहिलं होतंस. शालीलाही हो म्हणालास. घोंगडीच्या घड्या तू शालीत घातल्यास आणि रावबहादुरांना त्या कळल्या नाहीत. चेहरा तर असा आला, की गणोबाच्या हाताखाली काम केलेले दोन म्हातारे पळसदरीहून चालत आले, समोर उभे राहिले आणि त्यातला एक नकळत पायातली वहाण काढून म्हणाला, "येतो ना वो मुकादम, सुट्टी झालीया."

उजव्या हाताच्या जागी, मांडीवर, तू दगड तसाच ठेवलास. नारळाएवढा उंचवटा, नुसता ओबडधोबड टाचलेला. शालीची घडी त्याच्याजवळ येऊन थांबलेली.

रावबहादूर म्हणाले, "हात कुठाय? पोथी कुठाय?"

"हात मी बघितला नाय, सायेब. त्यांनी कुनाला दावला नाय."

"बाबा रोज पोथी वाचायचे."

"वाचायचे?" तू म्हणालास. "आंगठा उठवायचे. त्यो बी डावा."

रावबहादूर बिघडले. पोथी नसेल तर पुतळा नको, मुंबईहून दुसरा करून आणतो, हा तुझ्या अंगणात कोंबड्यांना बसायला राहू दे. तू म्हणालास, बरं. खरंच तेवढंच म्हणालास. तुला त्याचं काही वाटलं नाही आणि मला सहन होईना.

आता हे मला नीट लिहू दे. मी मोठेपणाला हसणारा माणूस, अशी माझी ख्याती आहे आणि ती मी जपून ठेवली आहे. पण त्या पुतळ्याच्या समारंभासाठी मुंबईहून साहेब येणार होते, वर्तमानपत्राचे लोक येणार होते, आणि पत्रं मी लिहिली होती. पुतळ्याखालचा लेख मी रचला होता. त्यात गणोबांना मी 'विद्याव्यासंगी' म्हटलं होतं. भिवाचं नाव व्हावं असं मला वाटत होतं, हे खरं आहे. भिवा कुणी शोधून काढला, असं लोकांनी विचारावं, हेही वाटत होतं. किती पहिलं आणि किती दुसरं, हे मी आजवर वेगळं करू शकलेलो नाही.

तू वहिनींना घेऊन त्यांच्या भावाच्या लग्नाला पेणकडे गेलास. आठ दिवस. चावी माझ्याकडे होती.

मी मुंबईहून चित्रशाळेत शिकलेला एक कारागीर बोलावला. सभ्य माणूस. पायात बूट, पेटीत मापाचे कंपास. त्याने गणोबांचा चेहरा पाहिला आणि टोपी काढली. म्हणाला, "ज्यांनी हे केलं त्यांना विचारलंय ना?" मी म्हणालो, विचारलंय. मग तो म्हणाला, हातासाठी कुणीतरी बसायला हवं, पाहिल्याशिवाय हात होणार नाही. हेही तुझंच वाक्य, फक्त बूट घातलेलं. रावबहादुरांचा हात अंगठ्यांनी भरलेला, गुबगुबीत. तो चालेना. मग मी बसलो. हातात मालाच्या आवक-जावकीचं पुस्तक धरून चार दिवस तुझ्या अंगणात मी बसलो, तुझ्या आईच्या समोर. तिने सुपातून मान वर केली नाही.

तू सोडलेल्या दगडाची पहिली मोठी कपची उडाली, ती मी उचलून खिशात घातली. का, ते माहीत नाही. चोर काहीतरी घेऊन जातो तसं असेल.

रावबहादुरांना हात पसंत पडला, पुतळा चौकला गेला आणि समारंभ झाला. बँडवाल्यांना फक्त लग्नाची गाणी येत होती, म्हणून गणोबांवरचा पडदा वरातीच्या सुरात उघडला. भाषणं झाली. साहेब पोथीकडे बोट दाखवून काहीतरी छान बोलले. वाटेत समारंभाचं ऐकून तू त्याच सकाळी पेणकडून परस्पर चौकला आला होतास आणि मागे, गाड्यांपाशी उभा होतास. सगळे जेवायला गेले तेव्हा तू ओसरीवर चढलास. मी तुझ्या मागे. तू पुतळ्याच्या हातावर आपला हात ठेवलास, बोटांवरून बोटं फिरवलीस, जशी कोंढाण्याच्या खांबावरून फिरवली होतीस.

"हात चांगला झालाय, मास्तर."

तुझं बोट करंगळीशी थांबलं.

"कुनाचा हाय?"

"गणोबांचा," मी म्हणालो. "रावबहादुरांनी... तू नव्हतास, त्यांनी परस्पर कुणाकडून तरी करून घेतला."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग माझ्या उजव्या हाताकडे. तो कोटाच्या खिशात होता. मी तो केव्हा आत घातला, मला आठवत नाही.

"आसंल," तू म्हणालास.

भिवा, माझ्या मधल्या बोटाला लेखणी धरून गाठ आली आहे आणि करंगळी लहानपणी मोडून वाकडी बसली आहे. मुंबईच्या त्या कारागिराने दोन्ही जशीच्या तशी उतरवली होती. प्रामाणिक माणूस, त्या कामात हात असलेल्यांपैकी तेवढा एकच. ज्याने आपल्या आईची पाठ नीट पाहिली नाही म्हणून केली नाही, त्याला इतकी वर्षं शेजारी बसलेल्या मित्राचा हात ओळखू येणार नाही, असं मला वाटलं. वाचलेला माणूस किती मूर्ख असू शकतो याला खरंच मर्यादा नाही.

त्यानंतर तू संगमरवराला टाकी लावली नाहीस. मुंबईहून दोन कामं आली, ती परत पाठवलीस. जाती, पाटे, वरवंटे करायला लागलास. मी वाद घातला. एवढा हात आणि जाती? तू म्हणालास, "ह्याला मानसांचे हात लागतात, मास्तर. रोज. खरे." मला वाटलं, तू रावबहादुरांवर रागावला आहेस. मी तुझ्या बाजूने रावबहादुरांना शिव्याही दिल्या. तू ऐकून घेतल्यास.

ती कपची मी कचेरीत टेबलावर ठेवली होती, कागदांवर वजन म्हणून. पांढऱ्या दगडाचा तुकडा, एका बाजूला टाकीचे तिरके घाव. दगड तो दगड, त्याला कोण ओळखतंय, हा माझा कारकुनी विचार. पुढच्या उन्हाळ्यात तू एकदा जात्याच्या दगडासाठी मालगाडीच्या वाघिणीची चौकशी करायला आलास. बोलता बोलता तो तुकडा उचललास, पालथा केलास, घावांवर अंगठा ठेवलास आणि जागेवर ठेवून दिलास.

"कागद उडत नायत ना?" विचारलंस.

"नाही," मी म्हणालो.

आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे मी तुझ्याकडे आलो. आठ वर्षांत संध्याकाळ चुकली नाही. वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, मग गावच्या गोष्टी, मग माझी मतं. मी बोलायचा थांबलो की तू विचारायचास, "आनि?" मला ते फार आवडायचं. इतकी वर्षं मी समजत होतो की तुझी बातम्यांची भूक मोठी आहे. मी आणखी काहीतरी सांगायचो. घाटात इंजिन अडलं, माथेरानला कुणी गव्हर्नर येऊन गेला. तू पुन्हा म्हणायचास, "आनि?" मी म्हणायचो, "आज एवढंच."

शेवटच्या महिन्यात खोकला तुला बसू देत नव्हता. पस्तीस-चाळीस वर्षांची दगडाची धूळ. डॉक्टरने छाती ठोकून पाहिली तेव्हा तू मला डोळ्याने खुणावलंस, हा पण माझ्यासारखाच ऐकतोय बघा. तो गेल्यावर म्हणालास, "पोकळ झालाय मास्तर. आता घाव सोसायचा नाय." त्या शेवटच्या संध्याकाळी मी तुला आफ्रिकेतल्या लढाईची बातमी वाचून दाखवली. मरणाऱ्या माणसाला लढाईची बातमी! पण दुसरं काय वाचायचं तेही सुचत नव्हतं. मी थांबलो. तू डोळे मिटून होतास.

"आनि?"

"थंडी लांबली यंदा," मी म्हणालो.

तू डोळे उघडून थोडा वेळ माझ्याकडे पाहिलंस. मग भिंतीकडे वळलास. पहाटे गेलास.

मी ती कपची खिशात घालून स्मशानात आलो होतो. तुझ्याबरोबर चितेवर ठेवावी, कुणाला दिसू नये, असा विचार होता. तिथेही लपूनच. नामा पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन उभा राहिला आणि भटजी म्हणाले, मडकं फोडायला दगड आणा. उल्हासचा काठ, जिकडेतिकडे दगड. पण सगळे रडत होते, कुणी वाकेना, आणि माझा हात खिशातून बाहेर आला. भटजींनी तुकडा घेतला, न पाहता मडक्याला भोक पाडलं, पाणी तुझ्याभोवती सांडत गेलं. मग तो नामाच्या हातात देऊन म्हणाले, "हा जीवखडा. दहा दिवस ह्यालाच पाणी द्यायचं. आता हाच तुझा काका."

मी चोरलेला दगड. तू न केलेला हात. दहा दिवस तोच तू होतास. असल्या विधींना मी जन्मभर हसत आलो, आणि त्या दिवशी मला कुणी हसवू शकलं नसतं.

तो फडक्यात बांधून तुझ्या घराच्या वळचणीला टांगला होता. नवव्या दिवशी दुपारी मी आलो तेव्हा वहिनी फडकं सोडून दगड मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"भावजी, ह्यो तुमी दिलात?"

"हो."

"मुकादमाच्या मांडीवरचा ना?"

मी खाली बसलो.

"तुम्हांला कसं...?"

"चौकासनं आले त्याच दिशी म्हनले मला. 'गनोबाला मास्तरांचा हात बसवलाय गं.' मी म्हनलं, मग भांडला का नाय? तर म्हनले, 'सांगंल त्यो. मास्तरांना कुटलीबी गोष्ट पोटात ठेवता येत नाय, रोज बगतीस ना? सांगंल, मंग भांडू.'" त्यांनी दगड पुसला. तो ओला नव्हता. "तुमी दारात दिसला का मला म्हनायचे, गूळपानी आन, आज सांगनार. दोन-तीन वर्सं म्हनायचे."

"आणि मग?"

"मग म्हनायचं सोडलं," वहिनी म्हणाल्या. "वाट बगायचं नाय सोडलं."

मला वाटलं त्या रागावतील, रडतील. त्यांनी मला गूळपाणी दिलं. मी प्यायलो. भिवा, ते मी कसं प्यायलो मला माहीत नाही.

जाताना मी विचारलं, तो हात फोडून टाकायला लावू का? रावबहादुरांशी मी बोलतो. वहिनी म्हणाल्या, "नको. ते म्हनायचे हात चांगला हाय. फकस्त जागा चुकली."

आणि तरी काल मी नदीवर उभा राहिलो आणि बोललो नाही. सगळं गाव होतं, नामा होता, धर्मशाळेचे कारभारी होते. कावळा उतरेना तेव्हा सगळे आपापलं एकेक बोलून गेले आणि मग थोडा वेळ कुणाला काही सुचेना. ती जागा माझी होती. तू जिथे "आनि?" म्हणायचास ना, अगदी ती जागा. मी घसा साफ केला. मला वाटतं एका कावळ्याने माझ्याकडे पाहिलंही. मग भटजींनी दर्भ मागितला.

मी त्या पक्ष्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही उतरलो नसतो.

पिंड सोडले, मग नामाने जीवखडा पाण्यात सोडला. माघात उल्हास गुडघाभर असते आणि तळ दिसतो. सगळे दगड काळे, त्यात तो एकच पांढरा. आज संध्याकाळी पाय भिसेगावाकडे वळले. तुझ्या दारापर्यंत न जाता मी नदीवर गेलो. तो तिथेच आहे. पाऊस लागला की जाईल, पण पावसाला अजून चार महिने आहेत.

ही माझी कबुली मी छापायला देणार आहे. नामा ती वहिनींना वाचून दाखवील. त्याला अक्षर लागतं. रावबहादूरही वाचतील, आणि पुतळ्याखालच्या लेखातला 'विद्याव्यासंगी' हा शब्द कुणी रचला तेही लोकांना कळेल. पुणे रस्त्याने जाणाऱ्यांनी चौकला जरूर उतरावं. ओसरीवर बसलेल्या त्या माणसाचा चेहरा पाहावा, खांद्यावरच्या घड्या पाहाव्यात. शाल म्हणून नव्हे, घोंगडी म्हणून. ते सगळं भिसेगावच्या भिवा पाथरवटाने कुठलाही नमुना न करता, डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच, थेट दगडात केलं आहे. उजव्या हाताशी आल्यावर त्यांनी थांबावं. तो थांबला होता तिथेच.

तू मला एक प्रश्न विचारला होतास, भिवा. ओसरीवर, सगळे जेवायला गेले होते तेव्हा. हात कुणाचा आहे म्हणून.

माझा आहे.